शनिवारचं मैदान

मिशनचा बाजार, मिंगे नदीकाठ
९ मार्च २००३

विटनेदादा,

हे पत्र तुझ्याच बायकोच्या झोळीतून येतंय, कोबीच्या गड्ड्यांखालून. एलिसला वाचता येत नाही, आणि तुझ्या घरातल्या कोबीला तिच्याशिवाय कुणी हात लावत नाही. म्हणून हाच रस्ता बरा.

तू धड आहेस हे तिच्याकडूनच कळलं. डोक्याची जखम भरली म्हणाली. आमच्या संघातल्या कोमुनला पुरून दोन महिने होत आले. कुन्डियावाच्या मैदानावर आपल्या दोन्ही संघांच्या रग्बी सामन्याची शेवटची शिट्टी झाल्यावर मारामारी पेटली, तेव्हा त्याला लागलेला दगड कुणाच्या हातातून सुटला ते कुणालाच माहीत नाही. म्हणून आमच्या गालकोप कुळाच्या लेखी तो तुमच्या अख्ख्या योम्बाकू कुळाच्या हातातून सुटला. माझा नवरा गिग्माई तर कोमुनचा चुलतभाऊ. रोज सकाळी कुऱ्हाडीला धार लावतो आणि संध्याकाळी ती भिंतीला टेकवून ठेवतो. तू नदीकडे उतरू नकोस. संघाचा कप्तान तू होतास, म्हणून तुझंच नाव घेतात सगळे.

बायकांना मात्र कुणी अडवत नाही. मी योम्बाकूंची लेक, गालकोपांची सून. एलिस गालकोपांची लेक, गिग्माईची बहीण, योम्बाकूंची सून. आमच्यावर हात उचलायचा तर कुठल्या बाजूची म्हणून उचलायचा, हेच तुम्हा पुरुषांचं ठरत नाही. त्यामुळे मिशनच्या बाजारात आम्ही शेजारी शेजारी बसून भाजी विकतो.

आता कामाचं. शाळेमागचं मैदान ओसाड पडलंय. लीगवाल्यांनी दोन्ही संघांना घरी बसवलं, आणि कुठल्याच बाजूचा पुरुष तिथं पाय ठेवायला धजत नाही. गवत कमरेएवढं झालं होतं. काल बाजार उठल्यावर आम्ही बायकांनी कोयते घेऊन अर्धं कापलं. फादरनी विचारलं, रताळी लावणार का? आम्ही म्हटलं, नाही, खेळणार.

हसू नकोस. ऑस्ट्रेलियातल्या निळ्या आणि लाल संघांची लढत बघायला दुकानातल्या जनरेटरवरच्या टीव्हीपुढे आम्हीही डोंगर उतरून येतोच ना? पुढं तुम्ही बसता, मागं आम्ही. मागून पडदा दिसत नाही, तुमचं भांडण तेवढं ऐकू येतं. त्या भांडणांतूनच आम्हाला सगळे नियम पाठ झालेत.

तुझ्याकडे संघाचे चार चेंडू नुसते पडून आहेत. त्यातला एक पाठव.

तुझी धाकटी,
रेजिना


योम्बाकू
१७ मार्च

रेजिना,

चेंडू मिळणार नाही.

एवढंच लिहून थांबणार होतो, पण तू तेवढ्याने गप्प बसणारी नव्हेस. बाईने भाला ओलांडू नये, पुरुषाचं जेवण ओलांडू नये, हे आपल्या बाबांनी तुलाही शिकवलं होतं. चेंडूचंही तसंच. तुमच्या पायाखालून गेलेला चेंडू उद्या माझ्या गड्यांच्या हातातून निसटायला लागला, तर मी कुणाला जाब विचारू?

आणि वेळ कसली, तुम्ही करताय काय? माणूस मेलाय. त्याची भरपाई ठरलेली नाही, डुकरं दिलेली नाहीत, तुमच्याकडची म्हातारी मंडळी आमच्याकडच्यांशी एका जागी बसायला तयार नाहीत. फादर आले, दंडाधिकारी आले, पोलीस आले, सगळे हात हलवत परत गेले. असं असताना तुम्ही चड्ड्या घालून धावणार? लोक तोंडात शेण घालतील. गिग्माईला माहीत आहे का हे? त्याचं माझं वैर आहे, पण या एका गोष्टीत मी त्याच्या बाजूचा.

एलिसकडे लक्ष दे. हल्ली बाजारातून येते ती गुडघे चिखलाने माखून. उतारावर घसरले म्हणते. दर वेळी दोन्ही गुडघ्यांवर कशी घसरते कोण जाणे. परवा ओठ फुटला होता. डुकराने धडक दिली म्हणाली. आमची डुकरं तर कुंपणात होती.

विटने


मिशनचा बाजार
३० मार्च

दादा,

एलिसची काळजी करू नकोस. बाजाराच्या दिवशी ती सबंध वेळ माझ्या डोळ्यांसमोरच असते.

ओलांडण्याचं म्हणतोस तर ऐक. तू दहा वर्षांचा होतास तेव्हा चेंडू म्हणजे गवत कोंबलेली तेलाची बाटली. ती ओढ्यात गेली की आणायला कोण उतरायचं? तुझे मित्र काठावर बसून ऊस खायचे आणि मला हाका मारायचे. ती बाटली मी कितीदा ओलांडली असेन याला गणती नाही. त्याच बाटलीवर शिकून तू प्रांताच्या संघात गेलास, राजधानीत, पोर्ट मोर्सबीपर्यंत जाऊन आलास. माझ्या पायांनी तुझं काय वाटोळं झालं ते मला लिहून कळव.

तुझा चेंडू नको आता. आधी आम्ही गोणपाट शिवून आत चिंध्या भरल्या. पाऊस लागला की तो डुकराच्या पिल्लाएवढा जड व्हायचा. मग कोबी विकून आम्ही कुन्डियावाहून खरा चेंडू आणला. दुकानदाराने विचारलं, पोरासाठी का? मी म्हटलं, माझ्यासाठी. त्यानंतर त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

गिग्माईला कळलं. त्याने माझी भांडी अंगणात भिरकावली. मी ती उचलली नाहीत. तोही उचलत नाही. आम्ही दोघं रताळी राखेत भाजून खातोय आणि भांडी पावसात धुऊन निघतायत.

वाटेत पोरं टवाळी करतात, "डुकरिणी चालल्या, डुकरिणी!" म्हणून आम्ही संघाचं नाव तेच ठेवलं. गालकोप डुकरिणी. खवळलेली डुकरीण समोरून आली की वाटेत कोण उभं राहतं ते बघू.

पलीकडच्या सुनांचाही संघ झालाय. कोण कोण आहे ते विचारू नकोस.

रेजिना


योम्बाकू
४ मे

रेजिना,

विचारायची गरज उरली नाही. काल मी स्वतः बघितलं.

पुरुषांच्या घरात बैठक झाली. आपल्या बायका तिथं जाऊन कुळाच्या गोष्टी फोडतात असं कुणीतरी उठवलं. मग आम्हा सहा जणांना बघायला पाठवलं. तोंडाला कोळसा फासून आम्ही सुरूच्या झाडांमागे पालथे पडलो होतो, जसं काही खाली वैऱ्याचं सैन्य उभं आहे. शेजारी पडलेल्या बोमाईने विचारलं, "ती निळ्या चड्डीतली कोण रे? चांगली पळते."

मी म्हटलं, "माझी बायको."

"आणि तिला आडवी करणारी?"

"माझी बहीण."

बोमाईने मान उंचावून पुन्हा खाली बघितलं. मग म्हणाला, "बाकी कुळाच्या गोष्टी काही फोडत नाहीत त्या. बोलतच नाहीत."

माझी चड्डी होती ती. प्रांताच्या संघातली. ट्रंकेत कुलपात ठेवलेली.

घरी आल्यावर एलिसला विचारलं. ती रताळी सोलत होती, सोलतच राहिली. म्हणाली, "उद्यापासून जात नाही. कोबी तू ने." मी नदीवर उतरलो तर जिवंत परत येणार नाही हे तिला माहीत आहे. मीठ, साबण, रॉकेल सगळं त्या कोबीवर येतं, हेही माहीत आहे. माझ्याच पत्रांची ने-आण करताना तू आणि ती माझ्यावर हसत होतात, याचा मला राग आहे, आणि तो जाणार नाही.

बैठकीत मी सांगितलं की खाली काही नाही, बायका गवत कापतात. बाकीच्या पाच जणांनी माना डोलावल्या. यापुढे मात्र मी खोटं बोलणार नाही.

आणि आणखी एक. तू एलिसला वरून धरतेस. खांद्याला लटकतेस आणि ती तुला चार पावलं फरफटत नेते. डोकं बाजूला घे, खांदा तिच्या मांडीत घाल आणि दोन्ही हातांनी गुडघे आवळ. माणूस कितीही दांडगा असो, पायांशिवाय पळत नाही. हे मी तुझ्या बाजूने सांगत नाही. चुकीचं बघवत नाही म्हणून सांगतोय.

विटने


मिशनचा बाजार
२५ मे

दादा,

गुडघे आवळले. पडते. बोमाईची बहीण आमच्यात आहे, ती तर म्हणाली, हे आधी कळलं असतं तर नवराही पाडला असता.

आता नीट वाच. खरा सामना ठरला, सात जूनला, शनिवारी. डुकरिणी विरुद्ध तुमच्याकडच्या. ही बातमी फुटली आणि आमच्या म्हाताऱ्यांनी मैदानाच्या चारही कोपऱ्यांत काठ्या रोवल्या, वर टांगेटच्या झुडपाची लाल पानं बांधून. आत पाऊल टाकेल त्याने डुक्कर द्यायचं, नाहीतर मार खायचा. कोमुनच्या नावाने बंदी, म्हणाले. तिसरी काठी गिग्माईने रोवली. माझ्याकडे बघत रोवली.

आम्ही चोवीस बायका कडेला उभ्या होतो. मी खोटं सांगत नाही, पाय पुढे पडेना. मेलेल्या माणसाचं नाव घेतल्यावर आत कोण शिरणार?

तेवढ्यात कोमुनची बायको मोगिया आली. तिला तू ओळखतोस, आता बघितलंस तर ओळखणार नाहीस. अंगभर सुतकाची राखाडी माती, गळ्यात पांढऱ्या मण्यांच्या माळा. नवरा गेल्यापासून ती चारचौघांत बोललेली नव्हती. ती सरळ पहिल्या काठीपाशी गेली आणि उपटली.

आमचा थोरला काका ओरडला, "मोगिया, ती तुझ्याच नवऱ्यासाठी रोवलीय."

"माझा नवरा मला विचारल्याशिवाय कुंपणाची काठीसुद्धा रोवत नव्हता," ती म्हणाली. "तुम्ही त्याच्या नावाने चार रोवल्या आणि मला बोलावलंसुद्धा नाही."

"अगं, याच खेळापायी तो मेला."

"खेळ संपल्यावर मेला. खेळ चालू होता तोवर जिवंत होता. मी बघत होते."

तिने चारही उपटल्या. गिग्माईची उपटताना तो तिथंच उभा होता. त्याने अडवलं नाही. काठ्या बगलेत घेऊन ती आमच्याकडे आली आणि विचारलं, "शिट्टी कोण वाजवणार?" शाळेचा मास्तर घाबरून गावी पळालाय, असं आम्ही सांगितलं. "मग मी वाजवते." एकीने भीत भीत विचारलं, नियम येतात का? मोगिया म्हणाली, "बारा वर्षं नवऱ्याच्या चुका त्याला जेवताना सांगत होते."

सामना होणार. दोन्हीकडचे लोक म्हणतात, आम्ही येणार नाही. न येणारे सगळे बाणांना नवी टोकं लावतायत म्हणे. तू येऊ नकोस.

रेजिना


योम्बाकू
१० जून

रेजिना,

खांदा कसा आहे? एलिसची बरगडी दुखते, पण ती हसताना दुखते म्हणते आणि सारखी हसते.

मी येणार नव्हतो. कुणीच येणार नव्हतं. सकाळी आमच्या बाजूचा सगळा उतार माणसांनी भरलेला होता. पलीकडे तुमचा तसाच. मधे मैदान आणि नदी. दोन्हीकडे धनुष्यं होती. जो तो म्हणत होता, मी बायको सांभाळायला आलोय.

पहिल्या भागात तुमचे आठ गुण, आमच्यांचे चार. मला कबूल आहे, तुमचा बचाव चांगला होता. मग दुसऱ्या भागात एलिस चेंडू घेऊन सुटली आणि तू तिला धरलंस, मी सांगितलं होतं तसंच, खांदा मांडीत, हात गुडघ्याला. ती पडली आणि हललीच नाही.

त्यानंतरचं मला सलग आठवत नाही. पाणी कमरेला लागलं तेव्हा कळलं की मी नदीत आहे आणि धनुष्य काठावरच राहिलंय. मागून आमचे सगळे उतरत होते. पलीकडून तुमचे धावत येत होते आणि पुढे गिग्माई होता, कुऱ्हाड घेऊन. मी मैदानात शिरलो. मनात आलं, संपलं आता.

शिट्टी वाजली. लांब, थांबेचना. मोगिया चालत माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिच्या नवऱ्याच्या मरणानंतर मी तिला पहिल्यांदा बघत होतो. ज्या कुळाने तिला विधवा केलं त्याचा कप्तान तिच्यापासून हातभर अंतरावर, हातात काही नसलेला. तिने एक बोट उचललं असतं तर मी तिथंच पडलो असतो.

"विटने, तू खेळतोयस?"

"नाही."

"मग रेषेबाहेर हो."

"माझी बायको पडलीय."

"टॅकल बरोबर होता," ती म्हणाली आणि गिग्माईकडे वळली. "तूही. कुऱ्हाड घेऊन कुठल्या जागी खेळतोस? बाहेर."

तुम्ही पंचवीसच्या पंचवीस जणी तोवर एलिसभोवती कडं करून उभ्या राहिला होतात, पाठ तिच्याकडे, तोंडं आमच्याकडे. तुमची कोण, आमची कोण, चिखलात ओळखू येत नव्हतं. तू माझ्याकडे अशी बघत होतीस की मला तुला पाडूनच आत जावं लागलं असतं. मला नाही वाटत मला ते जमलं असतं.

गिग्माई माझ्यापासून तीन पावलांवर होता, पण माझ्याकडे बघत नव्हता. तुमच्या पायांमधून आपल्या बहिणीला बघायचा प्रयत्न करत होता. मग आतून एलिसचा आवाज आला, "चेंडू माझ्याकडेच आहे ना?"

कुणीतरी हसलं. कोणत्या बाजूचं ते माहीत नाही.

आम्ही बाहेर झालो. घाईत सगळे एकाच कडेला झालो, कारण तीच जवळ होती. उरलेला सामना मी गिग्माईच्या खांद्याला खांदा लावून बघितला. रेषेपासून दोन पावलांवर तू हातातला चेंडू सोडलास तेव्हा आम्ही दोघांनी एकाच वेळी एकच शिवी दिली.

एलिसने चेंडू रेषेपार टेकवून ट्राय केला, वर किकही साधली. दहा-आठ. तुमच्या डुकरिणी हरल्या. मी हे उगाच पुन्हा लिहीत नाही, लिहायला आवडतंय म्हणून लिहितोय.

परत नदीत उतरलो तेव्हा पाठीत बाण येईल असं वाटत होतं. आला नाही. मागे वळून बघितलं तर तुमची माणसं मोगियाशी एका निर्णयावरून वाद घालत होती आणि ती ऐकून घेत नव्हती.

विटनेदादा


मिशनचा बाजार
२७ जुलै

दादा,

काल मैदानाच्या कडेच्या बैठकीत तू ओंडक्यावर बसून बोललास तेव्हा मी तुला उलट बोलले नाही. चारचौघांत थोरल्या भावाला उत्तर द्यायचं नाही, एवढं बाबांचं ऐकते. उत्तर मोगियाने दिलं. तरी तुला माझ्या हाताने लिहिलेलं असावं म्हणून लिहितेय.

लीगवाल्यांनी तुमची बंदी उठवली, चांगलं झालं. आम्हाला आनंदच आहे. दोन्ही कुळांची माणसं एका रेषेवर उभी राहिली असं त्यांच्या कानावर गेलं, म्हणून उठवली, हे तू स्वतःच सांगितलंस. ती रेषा कुणी आखली होती हे मात्र सांगायला विसरलास.

आता तुम्हाला मैदानावरचा आमचा शनिवार हवा. "खरे सामने शनिवारीच होतात," हे गिग्माईचं बोलणं. "बायकांनी मंगळवारी खेळावं, पुरुषांना नको असेल तेव्हा," हे आमच्या काकाचं. "मैदान शेवटी पुरुषांचं," हे तुमच्या संघाच्या चिटणिसाचं. आणि तू, दादा, तू सगळ्यांत गोड बोललास. म्हणालास, तुम्ही छान खेळलात, आता पुरे.

पुरे नाही. वरच्या खोऱ्यातून दोन नवे संघ आलेत. त्यातल्या बायका पहाटे निघून डोंगर चढून-उतरून येतात, खेळतात, त्याच पावली परत जातात. कडेला रताळी आणि भाजलेलं मक्याचं कणीस विकायला गर्दी होते. सात जूनला कडं करून उभ्या होतो त्यातली एकही घरी बसलेली नाही. त्यांना मी काय सांगू, गवत कापून झालं, आता मालक आले?

तुला राग आलेला दिसला. गिग्माई तर रात्रभर धुसफुसत होता. सकाळी उठून त्याने अंगणातलं एक भांडं आत आणलं, पाणी तापवलं आणि मला खांदा शेकायला दिलं. मग म्हणाला, "तरी शनिवार द्यायला हवा होतात." मी शेकत राहिले.

तुला एक गोष्ट दिसली नसेल, तू बसलेला होतास. मी उभी होते म्हणून मला दिसली. त्या ओंडक्यावर एका टोकाला आमचा काका, मग तुमचा चिटणीस, मग गिग्माई, मग तू. काकाने तुमच्या चिटणिसाकडे सुपारीला चुना मागितला आणि त्याने दिला. आम्ही नाही म्हटल्यावर तुम्ही चौघं एकदमच उठलात आणि बायकांची जात कशी हाताबाहेर गेली यावर एकमेकांना दुजोरा देत उतारावरून एकत्र गेलात. काकाचा पाय घसरला तर तू त्याचा हात धरलास.

कोमुनच्या भरपाईची डुकरं कधी द्यायची ते तुम्ही तिथंच, चालता चालता ठरवलंत म्हणे. गिग्माईनेच सांगितलं. मोगियाला विचारायला या. या वेळी तिला आधी विचारा.

फादर, दंडाधिकारी आणि पोलीस यांना तुम्हाला एका ओंडक्यावर बसवता आलं नाही. आमच्याविरुद्ध असेल तर तुम्ही बसता. मग आम्ही विरुद्धच बऱ्या. शनिवार मिळणार नाही.

तुझी धाकटी,
रेजिना